सामूहिक ई-मेल : अडचणी व त्यांचा शोध

शाळेच्या कामकाजात लेखी सूचनेचे महत्त्व फार मोठे आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या आवेदनपत्रांची अखेरची तारीख, प्रशिक्षणाचे स्थळ व वेळ, पाठ्यपुस्तकांची मागणी, पोषण आहाराच्या नोंदींचा नमुना ह्या गोष्टी वेळेवर कळल्या तरच वेळेवर होतात. पूर्वी हे काम टपाल व शिपाई ह्यांच्यामार्फत होई. आज त्याचा मोठा भाग ई-मेलने होतो. मोबाइलवरील व्हॉट्सॲप गटातून सूचना तत्काळ मिळते हे खरे; परंतु तक्ते, नमुने व आदेश जपून ठेवावयाचे आणि पुढे दाखल्यासाठी काढावयाचे, तर ई-मेलच अधिक सोयीचा पडतो.

एकच पत्र अनेक शाळांस एकदम पाठविण्याची सोय हा ई-मेलचा मोठा गुण होय. परंतु त्यातच एक धोकाही आहे. एक कळ दाबली की साठ पत्रे गेली, असे पाठविणाऱ्यास वाटते व त्याच्या मनाचे समाधान होते. त्यांपैकी तीन पत्रे वाटेत अडली, तर ज्या तीन शाळांस ती मिळाली नाहीत त्यांस आपणास काही यावयाचे होते हेच ठाऊक नसते. न मिळालेल्या पत्राची तक्रार कोणी करीत नाही. मग अखेरची तारीख उलटून जाते आणि त्याची झळ शेवटी मुलांस पोचते. यास्तव सामूहिक ई-मेल अडतो कोठे, ते ओळखावे कसे आणि त्यावर उपाय कोणता, ह्याची माहिती केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक व शिक्षक ह्या सर्वांस असणे इष्ट आहे.

एक पत्र, अनेक पाकिटे

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन ह्यांनी जाळ्याने जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव ह्यांच्यामध्ये @ हे चिन्ह घालण्याची रीत पाडली. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल ह्यांनी ह्या टपालाचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमांस एसएमटीपी असे म्हणतात. सुधारलेल्या स्वरूपात तेच नियम आजही चालू आहेत.

ह्या नियमांतील मुख्य गोष्ट अशी की, पत्र वेगळे आणि पाकीट वेगळे. संगणकावरील मेल प्रोग्रॅम प्रथम सर्व्हरला, म्हणजे ई-मेलच्या टपाल कचेरीला, पाठविणाऱ्याचे नाव सांगतो. नंतर तो एकेक पत्ता स्वतंत्रपणे सांगतो आणि सर्व्हर प्रत्येक पत्त्यास ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे उत्तर देतो. हे सर्व झाल्यावरच पत्राचा मजकूर दिला जातो. म्हणजे चौसष्ट शाळांस पाठविलेला ई-मेल दिसावयास एक असला, तरी त्याची पाकिटे चौसष्ट असतात व प्रत्येक पाकिटाचा निकाल वेगळा लागतो.

ह्यावरून दोन प्रकारच्या अडचणी संभवतात. पाठविणाऱ्याच्याच सर्व्हरने एखादा पत्ता नाकारला, तर थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम तेथेच थांबतो व ते पत्र कोणासच जात नाही. एका चुकीच्या पत्त्यासाठी त्रेसष्ट बरोबर पत्ते अडून राहतात. ह्याउलट, पाठविणाऱ्याच्या सर्व्हरने सर्व पत्ते स्वीकारले आणि पुढील एखाद्या सर्व्हरने नकार दिला, तर इतरांस पत्र मिळते व तेवढे एकच परत येते. तेव्हा ‘कोणासच गेले नाही’ की ‘काहींस गेले नाही’, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. ह्या एका प्रश्नाने निम्मा शोध पुरा होतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी

ई-मेल जात नाही असे दिसताच पुष्कळ जण पासवर्ड बदलतात, जोडपत्र काढतात, पत्ते खोडतात आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. एवढे सर्व एकदम केल्यावर पत्र गेलेच, तरी दोष कशात होता हे कळत नाही. आणि पुढच्या वेळी तोच दोष पुन्हा उभा राहतो. विज्ञानाच्या प्रयोगात जसे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात, तसेच येथे करावे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली परीक्षा : स्वतःच्याच पत्त्यावर दोन ओळींचे, जोडपत्र नसलेले पत्र पाठवावे. ते गेले नाही, तर दोष यादीत नाही व जोडपत्रातही नाही. तो इंटरनेटच्या जोडणीत, पासवर्डमध्ये किंवा सर्व्हरच्या मांडणीत आहे.

दुसरी परीक्षा : पहिले पत्र पोचल्यास तेच पत्र जोडपत्रासह पुन्हा स्वतःस पाठवावे. आता अडल्यास दोष जोडपत्रात आहे.

तिसरी परीक्षा : दोन्ही पत्रे पोचली असता राहता राहिली यादी. मग यादीचीच तपासणी करावी.

जोडणी व पासवर्ड

मेल प्रोग्रॅममध्ये पत्रे आणणाऱ्या सर्व्हरची मांडणी वेगळी असते व पत्रे पाठविणाऱ्या सर्व्हरची वेगळी असते. म्हणून पत्रे येतात त्या अर्थी ती जातीलही, असे धरून चालू नये. पाठविणाऱ्या सर्व्हरचे नाव, त्याचा पोर्ट क्रमांक आणि खात्याचे नाव ही तिन्ही बरोबर हवीत. जीमेलच्या खात्यासाठी हा पोर्ट ४६५ किंवा ५८७ असतो. जुन्या मांडणीत २५ हा क्रमांक राहून गेला असेल, तर तो बदलावा. कारण इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या त्या वाटेने जाणारी पत्रे अडवितात.

पासवर्डच्या बाबतीत एक बदल विशेष ध्यानात घ्यावा. ३० मे २०२२ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांत केवळ नेहमीचा पासवर्ड देऊन प्रवेश करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांस गूगलने वाट बंद केली. आता प्रोग्रॅममध्ये ‘ओऑथ २’ ही पद्धत निवडून गूगलच्या पानावरून संमती द्यावी लागते. ते शक्य नसल्यास खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. पूर्वी चालणारा प्रोग्रॅम काही एक न बदलता अचानक बंद पडला, तर कारण बहुधा येथे सापडते.

एकाच संगणकावर दोन-तीन खाती असल्यास आणखी एक चूक घडते. पत्र शाळेच्या पत्त्याने लिहिलेले असते, परंतु ते दुसऱ्याच खात्याच्या सर्व्हरमार्फत निघते. असे पत्र सर्व्हर नाकारतो किंवा ते पुढे स्पॅममध्ये पडते. ज्या खात्याचा पत्ता, त्याच खात्याचा सर्व्हर, हा नियम पाळावा.

जोडपत्राचे आकारमान

जीमेलमध्ये जोडपत्रासह पत्राची मर्यादा २५ एमबी आहे. परंतु त्याहून लहान जोडपत्रही कधीकधी मेल प्रोग्रॅममधून जात नाही, असा अनुभव येतो. ह्याचे कारण असे की, ई-मेलची व्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी झाली. छायाचित्र किंवा पीडीएफ तीमधून पाठविताना प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागतात. त्यामुळे आकारमान तृतीयांशाहून थोडे अधिकच वाढते आणि २० एमबीचे २७ एमबीच्या वर जाते. शिवाय खेड्यातील मंद जोडणीवर मोठे पत्र पुरे जाण्यापूर्वीच सर्व्हरची थांबण्याची मुदत संपते व पत्र अर्ध्यावर तुटते.

उपाय सोपे आहेत. कागद स्कॅन करताना रंगीत व अतिस्पष्ट प्रत न घेता वाचता येईल इतपतच प्रत घ्यावी. त्याहून मोठे काही असल्यास ते गूगल ड्राइव्हवर ठेवून पत्रात त्याचा दुवा द्यावा. मात्र दुवा देताना ‘ज्याच्याजवळ दुवा आहे त्यास पाहता यावे’ अशी परवानगी दिल्याची खात्री करावी. नाहीतर पत्र सर्वांस मिळते आणि कागद कोणासच उघडत नाही. ज्या कागदांत मुलांची नावे, जन्मतारखा किंवा आधार क्रमांक असतील, ते अशा खुल्या दुव्याने कदापि देऊ नयेत.

यादीतील दोष

सामूहिक पत्राच्या अडचणींत यादीचा वाटा मोठा असतो. पुढील दोष वारंवार आढळतात.

१. मराठी कळफलकावर लिहिलेला पत्ता. मराठीत काम चालू असताना पत्ता लिहिला तर त्यातील अंक देवनागरी पडतात. माणसाच्या डोळ्यास एक तो एकच. परंतु सर्व्हरला देवनागरी एक व इंग्रजी एक ही दोन निरनिराळी अक्षरे होत.

२. अंकांतील चूक. अनेक शाळांच्या पत्त्यांत यू-डायस क्रमांक असतो. हा क्रमांक ११ अंकी असून महाराष्ट्रातील शाळांचा २७ ने सुरू होतो. एक अंक गळाला की पत्ता निरुपयोगी होतो. क्वचित तो दुसऱ्याच शाळेचा होऊन बसतो. अंक मोजून पाहावेत. इंग्रजी ओ आणि शून्य ह्यांतील गोंधळही तपासावा.

३. विरामचिन्हे. आउटलुकमध्ये पत्ते सामान्यतः अर्धविरामाने वेगळे करतात, थंडरबर्डमध्ये स्वल्पविरामाने. तक्त्यातून पत्ते उचलून चिकटविताना दोन पत्ते जुळून एक होतात, किंवा पत्त्याच्या आत मोकळी जागा शिरते. आडनाव, स्वल्पविराम आणि मग नाव अशा रीतीने व्यक्तीचे नाव लिहिले असेल, तर प्रोग्रॅम त्याचे दोन तुकडे करतो.

४. यादीचे नावच चुकणे. ॲड्रेस बुकात केलेली यादी त्याच संगणकावर असते. दुसऱ्या संगणकावरून ते नाव लिहिल्यास, हाताने लिहिताना एक अक्षर चुकल्यास किंवा यादी काढून टाकली गेली असल्यास प्रोग्रॅम त्या नावालाच पत्ता समजतो व ‘हा पत्ता योग्य स्वरूपात नाही’ अशा अर्थाची सूचना देतो. नाव पुरे हाताने न लिहिता, पहिली अक्षरे लिहिल्यावर खाली जी यादी दिसते तिच्यातून निवडावे.

५. जुने पत्ते. शिक्षकाची बदली होते, परंतु यादीत त्याचाच वैयक्तिक पत्ता राहतो. सूचना जुन्या मुख्याध्यापकास मिळते व शाळा कोरडी राहते. ह्यासाठी यादीत शाळेचा पत्ता असावा आणि पदभार देताना खात्याचा पासवर्डही रीतसर सोपविला जावा. तसेच दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक प्रकारची खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणले आहे. शाळेचे खाते साध्या जीमेलचे असल्यास ते मधूनमधून उघडणे अवश्य आहे.

निम्मे-निम्मे करण्याची रीत

पुष्कळदा प्रोग्रॅम चुकीचा पत्ता नाव घेऊन सांगतो. तेव्हा तेवढा काढला की काम झाले. परंतु पत्ता कळत नसल्यास चौसष्ट पत्ते एकेक करून तपासण्याची गरज नाही. यादीचे दोन भाग करावेत, ३२ व ३२. पहिल्या भागास पत्र पाठवावे. ते गेले, तर तो भाग निर्दोष ठरला व त्या शाळांचे कामही झाले. त्यांस पुन्हा पाठवू नये. दोष उरलेल्या ३२ मध्ये आहे. त्यांचे १६-१६ करावेत. अशा रीतीने ३२, १६, ८, ४, २, १ ह्या क्रमाने जाता चौसष्टांतील एक चुकीचा पत्ता सहा पायऱ्यांत हाती लागतो. वरच्या वर्गातील मुलांस घातांक शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

ह्या रीतीचे आणखी दोन लाभ आहेत. दोन्ही भाग सुखरूप गेले, तर दोष कोणत्याही पत्त्यात नसून एकूण संख्येत होता असे समजावे. दोन्ही भाग अडले, तर चुकीचे पत्ते एकाहून अधिक आहेत किंवा दोष यादीबाहेर आहे. अशा वेळी पहिली परीक्षा पुन्हा करावी.

संख्येची मर्यादा

स्पॅम पसरविणाऱ्यांस आळा बसावा म्हणून प्रत्येक सेवा मर्यादा घालते. एसएमटीपीच्या नियमांनुसार सर्व्हरने एका पत्राचे निदान १०० पत्ते स्वीकारले पाहिजेत. त्यापुढे किती घ्यावेत हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. जीमेलच्या वैयक्तिक खात्यास एका दिवसात ५०० जणांपर्यंतच पत्रे पाठविता येतात. येथे पत्रे मोजली जात नाहीत, पाकिटे मोजली जातात. चौसष्ट शाळांच्या यादीस एका दिवसात सात पत्रे गेली तर ४४८ होतात; आठवे पाठविताच ५१२ होतात व खाते काही तास पाठविण्यास बंद होते. अशा वेळी पुनःपुन्हा कळ दाबून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी पाठवावे. आणि पाच किरकोळ सूचनांची पाच पत्रे न करता एकच पत्र करावे.

परत आलेले पत्र वाचावे

न पोचलेल्या पत्राबद्दल ‘मेलर-डीमन’ ह्या नावाने इंग्रजी उत्तर येते. ते न वाचताच काढून टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. वस्तुतः दोष कोणता हे त्यातच लिहिलेले असते. त्यातील तीन अंकी संख्या शोधावी. ती इंग्रजी अंकांत असते. पहिला अंक २ असल्यास काम झाले. ४ असल्यास अडचण तात्पुरती आहे व सर्व्हर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न चार-पाच दिवसही चालतात. ५ असल्यास नकार कायमचा आहे व दोष काढल्याखेरीज पुन्हा पाठविणे व्यर्थ आहे.

त्यांतही ५५० ही संख्या बहुधा असा पत्ता अस्तित्वात नसल्याचे सांगते. मात्र तिच्यापुढे ५.४.५ असे असल्यास जीमेलची दिवसाची मर्यादा संपली असा अर्थ होतो. ५३५ म्हणजे खात्याचे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. ४५२ अथवा ५५२ ह्या संख्या जागा अपुरी असल्याचे दर्शवितात; समोरची पेटी भरलेली असते किंवा पत्र फार मोठे असते. गूगलच्या खात्यास मिळणारी १५ जीबी विनामूल्य जागा मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे ह्यांस मिळून असते. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी ती भरली की शाळेस येणारी पत्रे बंद होतात. अशा शाळेस दूरध्वनी करून जागा मोकळी करण्यास सांगावे.

पोचूनही न दिसणारे पत्र

पत्र परत आले नाही, तरी ते दृष्टीस पडले असेलच असे नाही. विषय न लिहिलेले, मजकूर नसलेले व केवळ जोडपत्र असलेले पत्र स्पॅमच्या पेटीत पडण्याचा संभव अधिक. जीमेलमध्ये स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नाहीशी होतात. म्हणून विषय स्पष्ट लिहावा, चार ओळींचा मजकूर घालावा आणि सर्व शाळांस पाठविणाऱ्याचा पत्ता आपल्या ॲड्रेस बुकात नोंदवून ठेवण्यास सांगावे. शिक्षकांनीही आठवड्यातून एकदा स्पॅमची पेटी पाहावी व आपले पत्र तेथे आढळल्यास ‘स्पॅम नाही’ अशी खूण करावी.

पत्ते कोणत्या रकान्यात लिहावेत

‘टू’ व ‘सीसी’ ह्या रकान्यांतील पत्ते सर्वांस दिसतात. ‘बीसीसी’मधील पत्ते फक्त पाकिटावर असतात, पत्रात नसतात. शाळाशाळांतील पत्रव्यवहारात पत्ते दिसल्याने फारसे बिघडत नाही. परंतु पालकांस किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांस लिहिताना एकाचा पत्ता दुसऱ्यास देण्याचा अधिकार शाळेस नाही. तेथे सर्व पत्ते ‘बीसीसी’मध्ये व स्वतःचा पत्ता ‘टू’मध्ये लिहावा. त्यामुळे आपणास एक प्रत मिळते आणि एकाने ‘सर्वांस उत्तर’ ही कळ दाबल्याने साठ जणांच्या पेट्या भरण्याचा त्रासही टळतो. थंडरबर्डमध्ये ‘टू’ व ‘सीसी’ मिळून १५ पत्ते झाले की ह्याबद्दल सूचना दिसते. तिची उपेक्षा करू नये.

पोच घेणे

वरील सर्व काळजी घेतली, तरी ‘सेंट’च्या पेटीतील पत्र हा निघाल्याचा पुरावा आहे, पोचल्याचा नव्हे. ज्या पत्रास मुदत आहे, त्याच्या अखेरीस ‘अमुक तारखेपर्यंत पोच द्यावी’ असे एक वाक्य लिहावे, शाळांच्या नावांचा तक्ता करावा व पोच येईल तशी खूण करावी. ठरलेल्या दिवशी ज्या नावांपुढे खूण नसेल, तेवढ्याच शाळांस दूरध्वनी करावा. चौसष्टांपैकी चार-पाचच उरतील; त्यास पाव तास पुरे होतो.

ही रीत शिक्षकास नवी नाही. वर्गात शिरल्यावर तो प्रथम हजेरी घेतो. कारण गैरहजर मूल आपली गैरहजेरी आपल्या तोंडाने सांगत नाही. ती नाव घेऊनच शोधावी लागते. दूरच्या पाड्यावरील दोन शिक्षकांची शाळा यादीत शेवटी असते, तिची जोडणी मंद असते व तिचा पत्ता चुकण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. तिचे नाव पुकारल्याखेरीज सामूहिक पत्राचे काम पुरे झाले असे मानू नये.